वाचली

टॅब्लेट आला तेव्हा शिकवायला माणूस आला मासेरूहून.
आमच्या नऊ पायऱ्या चढून दाराशी टेकला जरा.
बोटाला चिमटा लावायचा, म्हणाला, आकडा भरायचा,
हिरवं आलं तर औषध देऊन घरी,
पिवळं आलं तर पुन्हा विचार,
लाल आलं तर थांबायचं. काहीही झालं तरी थांबायचं.
मी त्याच्याच बोटाला चिमटा लावला.
नव्वद.
पडदा लालभडक.
आम्ही दोघंही खूप हसलो,
मग तो गाडीत बसून खाली निघून गेला.

हा-मोखेले दोन हजार सहाशे मीटरवर आहे.
इथली हवा आमच्या आधी कुणीतरी थोडी पिऊन ठेवलेली.
धडधाकट माणूस एक्क्याण्णव, खाणीतून परतलेला अठ्ठ्याऐंशी,
आणि यंत्राला वाटतं चौऱ्याण्णवच्या खाली सगळे बुडतायत.
समुद्राकाठी वाढलं असणार ते.
दाढ दुखणारा लाल.
पायात काटा मोडलेली लाल.
कोबी विकायला आलेली मालिनेओ,
सहज गंमत म्हणून बोट पुढे करते, लाल.
आणि प्रत्येक लालखाली एक चौकोन:
सूचना वाचली.
तो दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.
दिवसाला चाळीस वेळा.
डोळ्यांच्या आधी अंगठ्याला पाठ झाला तो.

लहानपणी ऐकलेली गोष्ट आहे ना,
लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची.
इथे लांडगे नाहीत, कोल्हे आहेत,
आणि गुराखी पोरं सहसा ओरडत नाहीत.

केकेत्सो जुलैत आला. पहाटेचं बर्फ घोड्याच्या आयाळीत तसंच.
वय अकरा, बारा. आई डर्बनला कामाला.
घोंगडीत गुंडाळलेली बहीण, सात महिन्यांची, लिंपो.
बाकावर अजून एकोणीस जण.
घोंगडीवरूनच मोजले मी श्वास,
पंधरा सेकंद, गुणिले चार, भरला आकडा: अडतीस.
प्राणवायू: ब्याऐंशी.
लाल.
अंगठा.
तापाचं औषध लिहिलं, पुढचा, म्हटलं.

पोरगा उठेना.
मला वाटलं त्याला कळलं नाही, पुन्हा सांगितलं.
तो जमिनीकडे बघत म्हणाला,
"कोकरू असं गप्प झालं ना, सिस्टर,
तर आम्ही त्याला कळपात परत सोडत नाही."

मग मी घोंगडी काढली.

बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती
दर श्वासाला, जशी ओली पिशवी काठीला चिकटते.
घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजलं.
सहासष्ट.
सिलिंडर. इंजेक्शन. फोनला रेंज येते त्या दगडापर्यंत धाव.
गाडी चार तासांनी आली, साखळ्या बांधून,
तोवर केकेत्सो नळी धरून बसला होता
कुणी सांगितलं नसताना.

चौकशीचा कागद आला. एकच खूण करायची मुभा:
चूक यंत्राची / चूक कर्मचाऱ्याची.
यंत्र बरोबर सांगत होतं, पण रोज तेच सांगत होतं.
अडतीस हा आकडा मात्र माझा.
मी दोन्ही चौकोन कोरे ठेवले, मागच्या बाजूला लिहिलं:
तुमचा समुद्र आमच्या डोंगराला लावू नका,
आणि आम्हाला मोजायला एक अख्खं मिनिट द्या.

सप्टेंबरात दुरुस्ती आली. आता लाल क्वचित.
मिनिटाचं काही आलं नाही.
बाकावर अजूनही एकोणीस.
हिरवं दिसलं तरी मी घोंगडी काढते,
लोक कुरकुरतात, थंडी असते.

यंत्राच्या नोंदीत तो दिवस अजून तसाच आहे,
सात चाळीस, माझं नाव, आणि समोर: सूचना वाचली.
खोटं आहे ते.
लिंपो वाचली.